विधवेची अर्धी पेन्शन

८ जानेवारी

सौ. ओल्डरॉइड यांस,

हे नाव पाकिटावर लिहिताना हात अडला, कारण आमच्या गल्लीत या नावाने लोक मला हाक मारतात. दूधवाला, दवाखान्यातली बाई, समोरची पॉलीन, सगळेच. ते नाव माझं नाही हे नेव्हिल सोडून फक्त तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला लिहिणार?

मी लॉरेन. नेव्हिलबरोबर चोवीस वर्षं राहते. आपण एकदाच समोरासमोर आलो, त्याच्या आईच्या मयतीला. सासूबाई म्हणणार होते, पण त्या तुमच्या की माझ्या हा प्रश्न नको. तुम्ही तेव्हा माझ्याकडे खिडकीकडे बघावं तसं पाहिलंत. त्याचा राग नाही. मीही तुमच्या जागी तेच केलं असतं, कदाचित थुंकलेही असते.

मुद्द्यावर येते. नेव्हिलची छाती गेली आहे. काचकारखान्यातल्या भट्टीच्या आतल्या विटा फोडून नव्या बसवायचं त्याचं काम, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या विटांची धूळ इतकी वर्षं आत बसली होती, ती आता दगड झाली आहे असं डॉक्टर म्हणतात. एक वर्ष, नशीब बरं असलं तर दोन. नेव्हिलने ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरला म्हणाला, "बरं. आभारी आहे." जणू बसची वेळ विचारली होती. पाळलेली शर्यतीची कबुतरं विकली. खोलीत आता ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं, आणि तो त्याला शिव्या देतो, पूर्वी फुटबॉलच्या पंचाला द्यायचा तशा.

नाताळानंतर कारखान्याच्या पेन्शन कचेरीकडून जाड पाकीट आलं. त्याने ते न फोडता माझ्यापुढे ठेवलं. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. त्याच्या वडिलांनी तेच केलं, त्यांच्या वडिलांनी तेच. पगाराचं पाकीट बंद असतानाच बायकोच्या हातात द्यायचं, मग तिने त्यातून बिअरपुरते सुटे त्याच्या तळहातावर ठेवायचे. जो स्वतः पाकीट फोडतो तो वाया गेलेला. पगार बँकेत जायला लागल्यावर नेव्हिल पगाराची चिठ्ठी तशी आणून द्यायला लागला. घरात आलेला एकही सरकारी कागद त्याने आजवर स्वतः उघडलेला नाही.

तर मी फोडलं. आत असं होतं की पासष्टाव्या वर्षी त्याला जी पेन्शन सुरू व्हायची, शेवटच्या पगारावर ठरलेली, मरेपर्यंतची, ती सोडून द्यायची असेल तर त्याबदली एकरकमी एवढी रक्कम देऊ. आकडा वाचून मी चष्मा पुसला. एवढ्या पैशांत आमची सबंध गल्ली नाही तरी निम्मी विकत मिळेल. ती रक्कम त्याच्या नावाने दुसरीकडे ठेवायची आणि त्याच्यामागे कुणाला द्यायची ते त्याने लिहून ठेवायचं. न सोडली तर तो असेपर्यंत त्याला पेन्शन, आणि त्याच्यामागे, तो पासष्टच्या आधी गेला तरी, अर्धी विधवेला, ती जिवंत असेपर्यंत. मार्चअखेरपर्यंत काय ते कळवायचं.

त्याचा जन्म बासष्ट वर्षांपूर्वीचा. पासष्ट तो बघणार नाही. म्हणजे हा सगळा प्रश्न त्याच्यामागे कोण राहतं त्याचा आहे.

मला काही नको आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवलं.

लॉरेन

२७ जानेवारी

सौ. ओल्डरॉइड,

उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर आहे हे मला ठाऊक आहे, कारण नेव्हिलच्या बहिणीने मरायच्या आधी दिला होता. ब्रिडलिंग्टनला समुद्रावर वारा फार असतो म्हणतात, पण पत्रं काही उडून जात नसावीत.

सल्लागार येऊन गेली. एवढी मोठी पेन्शन सोडायची तर सल्लागाराची सही लागते असा कायदा आहे, कारण बऱ्याच भोळ्या लोकांना पूर्वी कुणी कुणी लुबाडलं. मिस हुसेन म्हणून ब्रॅडफर्डची मुलगी आहे. नीटनेटकी, बूट दारात काढून आत आली, तेवढ्याने नेव्हिल खूष. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगितली. म्हणाली, "मिस्टर ओल्डरॉइड, दहातल्या नऊ जणांना मी नको म्हणते. तब्येत अशी असेल तर मात्र नीट विचार करायला हवा."

आणि मग पॉलीन आली, मागच्या दाराने, हातात केकचं ताट. आमच्याकडे मागच्या दाराला कडी लावत नाहीत. मिस हुसेनने गोड शब्दांत तिला बाहेर जायला सांगितलं. पॉलीन स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला कान लावून बसली असणार. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला.

मिस हुसेनने विचारलं, "लग्न झालंय?"

"झालंय की," नेव्हिल म्हणाला.

"आणि या तुमच्या मिसेस?"

"मग काय शेजारीण आहे?" आणि तो हसला, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता निळा पडला. मी मशीनची नळी नीट केली. पाठ चोळली. सगळं शांत झालं तोवर मिस हुसेनने ते लिहून घेतलं होतं.

मी चहा ओतला. तुम्हाला वाटेल, बोलायचं होतंस ना बये! तीच वेळ होती. पण भिंतीपलीकडे पॉलीन होती. चोवीस वर्षं ही बाई माझ्याकडे लग्नाचा फोटो मागते आहे आणि मी सांगते आहे की घर बदलताना हरवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका परक्या मुलीसमोर ती उघडायची तर आधी छाती हवी, आणि ती आमच्या घरात कुणाकडेच धड नाही.

मी साखर किती एवढं विचारलं.

लॉरेन

१९ फेब्रुवारी

जॅनिस,

तुमचं कार्ड मिळालं. समुद्राचं चित्र, मागे तीन ओळी. "मी विचारलं नव्हतं. त्या पेन्शनमधली अर्ध्याहून जास्त वर्षं माझी आहेत. मला माझं ठाऊक आहे." छान. निदान बाई जिवंत आहे हे कळलं.

आता ऐका. मिस हुसेनचा सल्ला लेखी आला. सोडू नका, असा. कारण दिलंय की पत्नी वयाने लहान, तब्येतीने बरी, तिला तिच्या मरेपर्यंत अर्धी पेन्शन मिळत राहील, महागाईप्रमाणे वाढत, आणि एवढी खात्रीची सोय दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं. नेव्हिलने डोळे मिटले. म्हणाला, "झालं तर मग. तुझी काळजी मिटली, पोरी."

मी म्हणाले, "नेव्ह, पत्नी म्हणजे कोण?"

"तू."

"आपलं लग्न कुठे झालंय?"

"सात वर्षं एका छपराखाली राहिलं की कायद्याने होतं ते. सगळ्यांना माहीत आहे."

खरंच सगळ्यांना माहीत आहे. पबमध्ये विचारा, चर्चबाहेर विचारा, कुणीही शपथेवर सांगेल. मलाही तसंच वाटायचं. पण मी गेल्या मंगळवारी तो बागेत असताना पेन्शन कचेरीला फोन केला होता. नाव सांगितलं नाही. विचारलं, चोवीस वर्षं बरोबर राहिलेली बाई विधवेत धरता का? पलीकडचा मुलगा बिचारा हळू आवाजात म्हणाला, "नाही हो मॅडम. असा कायदा कधी नव्हताच. लोकांना उगीच वाटतं. लग्नाची बायको हयात असेल तर सगळं तिला."

म्हणजे नेव्हिल गेला की तुमच्या दारात दर महिन्याला पैसे येणार, आणि मी, जी त्याची थुंकी भांड्यात धरते, जी त्याला मोजे घालते, मला काय? घर नगरपालिकेचं, भाडं नेव्हिलच्या पैशांतून. शाळेत मुलांना जेवण वाढायचं माझं काम कंबर गेल्यापासून सुटलं. सरकारी पेन्शनला अजून पाच वर्षं आहेत. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला वाटतंय माझी सोय झाली. ते समाधान त्याच्याकडून काढून घ्यायला जीभ रेटत नाही.

पहिल्या पत्रात मला काही नको असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला हवंय. तुम्ही त्याला घटस्फोट द्या. त्या काळात दिला असतात तर ही वेळ आली नसती.

लॉरेन

६ मार्च

जॅनिस,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा शेगडीत टाकायला निघाले होते.

तुम्ही लिहिता की घटस्फोटाचा अर्ज आज केला तरी अर्धं वर्ष लागतं, तोवर तो राहील का? बरोबर आहे. तुम्ही लिहिता की तेव्हा अर्ज केला नाही कारण पैसे नव्हते, आणि नंतर केला नाही कारण कुणी मागितला नाही. तेही बरोबर. मागणारा कागद फोडतच नाही, तर मागणार कसा?

पण ती पुढची ओळ. "त्याच्या कपड्यांतली काच मी पंधरा वर्षं अंगणात झटकली. तुझ्या घरी तो आला तेव्हा कारखाना बंद पडायला थोडीच वर्षं उरली होती. माझ्या फुप्फुसात काय आहे ते मी डॉक्टरला विचारलेलं नाही." मी हे वाचून खाली बसले. तुम्ही वृद्धाश्रमात म्हातारी माणसं उचलायचं काम करता, गुडघ्यांत सुई टोचून घेऊन, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तुम्हाला समुद्रावर हवा खात बसलेली बाई समजत होते. चूक झाली.

तरी मी माघार घेणार नाही. तुमची वर्षं तुमची, माझी माझी. त्याची बरी वर्षं तुम्हाला मिळाली आणि मला हे मशीन मिळालं.

काल मी मिस हुसेनला फोन करून खरं सांगितलं. पॉलीन दुकानात गेलेली बघून केला, पण केला. ती रागावली नाही. म्हणाली, मग माझा सगळा सल्लाच उलटा होतो. पेन्शन आहे तशी ठेवली तर लॉरेनबाई, तुम्हाला एक पेनी मिळणार नाही. सोडली तर तो हव्या त्या माणसांना हवी तेवढी वाटू शकतो. दोघींनाही. मात्र तो लवकर गेला तर करवाले चौकशी करतील आणि थोडं कापून घेतील, हे आधीच सांगून ठेवते. आणि हे त्याने स्वतः सांगायला हवं, स्वतःच्या तोंडाने, मग स्वतःच्या हाताने सही करायला हवी. तुमच्या सांगण्यावर मी एक पाऊल टाकू शकत नाही.

मी त्याला बसवून सगळं सांगितलं. सात वर्षांचा कायदा नाही हेही. तो मग म्हणाला, "जॅनला बोलाव."

मला वाटलं, मरायच्या आधी बायकोला बघायचंय. लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण तसं नव्हतं. तो म्हणाला, "पैशांचं मला कळत नाही. तुम्ही दोघी काय ते ठरवा."

या. शनिवारी. बसस्टॉपवर मी येते. हॅम सँडविच खाता ना?

लॉरेन

२५ मार्च

जॅनिस,

आता अहो-जाहो नको. माझ्या स्वयंपाकघरात तू माझ्या एप्रनमध्ये भांडी विसळलीस, त्यानंतर मला ते जमत नाही.

पॉलीन अजून विचारते आहे, ती ब्रिडलिंग्टनची चुलत बहीण पुन्हा कधी येणार म्हणून. तू तिला, मी लॉरेनची चुलत बहीण, असं म्हणालीस तेव्हा मी कपाटात डोकं घालून कप शोधत होते. बाहेर काढायची हिंमत नव्हती. "नेव्हिलची आणि माझी फार जुनी ओळख," असंही म्हणालीस वर. त्या क्षणी मला तू आवडलीस. त्याआधी आवडली नव्हतीस.

आवडली नव्हतीस याचं कारण तुला माहीत आहे. तू दारातून आत आलीस, कोटही काढला नव्हतास, आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. मशीनची नळी ताणली गेली. टेबलावरचं ते पेन्शनचं पाकीट त्याने उचललं आणि सरळ तुझ्यापुढे धरलं. तुझ्यापुढे. मी दोन हातांवर उभी होते. आणि तूही घेतलंस. बघितलंही नाहीस, घेतलंस आणि पर्सकडे हात नेलास. मग तुझ्या लक्षात आलं. तुझा चेहरा भाजल्यासारखा झाला. तू पाकीट टेबलावर ठेवलंस, माझ्या बाजूला. नेव्हिलला काहीच कळलं नव्हतं. तो सुट्या पैशांची वाट बघावी तसा हात पुढे करून बसला होता. मी नळाकडे तोंड केलं. तू म्हणालीस, "लॉरेन, पाणी उकळलंय गं." नव्हतं उकळलेलं.

असो. आपण ठरवलं. निम्मं तुला, निम्मं मला. तुझ्या वर्षांचं आणि माझ्या वर्षांचं वजन करत बसलो असतो तर रात्र झाली असती. तू म्हणालीस, "मला दया नको आणि मला दया करायचीही नाही." मी म्हणाले, "मलाही नको, बाई, भाडं हवंय." तेव्हा तू हसलीस. तुझे पुढचे दात त्याच्या कपाटातल्या फोटोत आहेत तसेच आहेत.

आता तू गेल्यावर काय झालं ते सांगते, आणि तू चिडशील.

मिस हुसेन काल पेन्शन सोडायचा आणि वारस लिहायचा कागद घेऊन आली. मला बाहेर थांबायला सांगितलं, कारण त्याला एकट्याला विचारायचा नियम आहे. पण दार नीट लागत नाही, तू पाहिलंसच. ती म्हणाली, "तुमच्यामागे पैसे कुणाला जावेत असं तुम्हाला वाटतं?"

"दोघींना. अर्धे अर्धे. त्यांनी ठरवलंय."

"त्यांनी ठरवलंय ते ठीक. तुम्हाला काय वाटतं?"

तो आधी खोकला. मग म्हणाला, "बरोबर आहे ते. दोघींनी केलंय माझं." मी दाराला टेकले आणि देवाचे आभार मानले. गेली कित्येक वर्षं मानले नव्हते.

तिने कागद पुढे केला. पेन दिलं. म्हणाली, एकदा वाचून घ्या आणि इथे सही करा. आणि जॅनिस, जन्मात पहिल्यांदा या माणसाने कागद वाचला. बोट ठेवून, ओळ ओळ. जॅनिस ओल्डरॉइड, पत्नी, अर्धा हिस्सा. मग खालची ओळ. लॉरेन हर्स्ट. बोट थांबलं. नाव वाचून तो म्हणाला, "ही कोण?" कारण माझं माहेरचं आडनाव तो विसरलाच होता. आणि पुढे नात्याच्या रकान्यात होतं, सोबत राहणारी.

"सोबत राहणारी," तो म्हणाला. परत म्हणाला, मोठ्याने. "कबुतर आहे का ती?"

मिस हुसेन म्हणाली, "नुसता शब्द आहे, मिस्टर ओल्डरॉइड. कायद्याला काहीतरी लिहावं लागतं."

"मग बायको लिहा."

"ते खरं नाही ना."

"तुमच्यासाठी नसेल." त्याने पेन ठेवलं. "मी मरायला टेकलोय आणि तुम्ही माझ्याकडून सहीनिशी लिहून घेताय की ही माझी बायको नाही. मी नाही लिहून देणार. गल्लीत एकाला विचारा ही कोण आहे ते. एकाला!"

ती समजावत राहिली. तो खोकत राहिला. मी आत गेले. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बघ गं काय लिहिलंय तुझ्याबद्दल."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, गाढवा, लिहू दे त्यांना काय लिहायचंय ते, तू सही कर, तू गेल्यावर मला नावाचा पाव खाता येणार नाही. हे सगळं माझ्या तोंडात तयार होतं. पण जॅनिस, चोवीस वर्षांत त्याने मला एकदाही माझ्या तोंडावर बायको म्हटलं नव्हतं. लोकांसमोर म्हणायचा. आम्ही दोघं असताना पोरी म्हणायचा. आणि तो निळा पडलेल्या ओठांनी एका परक्या मुलीशी माझ्या नावासाठी भांडत होता. मला ते ऐकत राहावंसं वाटलं. मी त्याची पाठ चोळत राहिले.

मिस हुसेन कागद ठेवून गेली आहे. मार्च संपेपर्यंत वेळ आहे.

लॉरेन

३ एप्रिल

जॅनिस,

तारीख गेली.

तुझा फोन त्याने ऐकला. "मेंढरा, सही कर!" एवढं मलाही खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. त्याने रिसीव्हर अलगद टेबलावर ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसला. तू पाच मिनिटं टेबलाशी भांडत होतीस.

शेवटच्या दिवशी मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला. पेन हातात दिलं. म्हणाले, नेव्ह, माझ्यासाठी. तो म्हणाला, "हात थरथरतोय आज. उद्या बघू." हात थरथरत नव्हता. जरासुद्धा नाही. संध्याकाळी त्याच हाताने त्याने चहाचा कप काठोकाठ भरलेला उचलला.

पेन्शन कचेरीला विचारलं. नवा आकडा मागवता येतो, त्याला पैसे पडतात, परत तीन महिने, परत सल्ला, परत सही. मिस हुसेन म्हणाली ती फुकट येईल. चांगली मुलगी आहे. पण नेव्हिल आता जिना चढत नाही. बिछाना खाली आणलाय.

त्याला वाटतंय त्याने माझी अब्रू राखली. राखलीच. तेलही गेलं, तूपही गेलं, आता धुपाटणं हातात घेऊन मी सौ. ओल्डरॉइड म्हणून मिरवते आहे. परवा पॉलीन म्हणाली, "तुझं बरं आहे हो, कारखान्याची पेन्शन असते ना विधवेला." मी हो म्हणाले.

रात्री राग येतो. सकाळी त्याला मोजे घालताना जातो. दुपारी पुन्हा येतो.

लॉरेन

१७ जून

जॅनिस,

फोनवर फक्त गेला एवढंच सांगता आलं. बाकी आता लिहिते.

सोमवारी पहाटे गेला. त्रास झाला, नाही झाला असं सांगणार नाही. तू त्या कामातली आहेस, तुला खोटं कशाला सांगू? शेवटी माझा हात धरला होता. बोलायला श्वास नव्हता. मशीन बंद केल्यावर घर इतकं शांत झालं की मी ते पुन्हा चालू केलं. मग बंद केलं.

मृत्यूची नोंद पाच दिवसांत करावी लागते. मला गाडी येत नाही. पॉलीनने नेलं. मी म्हटलं बाहेर थांब, तर म्हणाली, "अशा वेळी तुला एकटीला सोडू?" आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, माझा हात हातात घेऊन.

नोंदणी कचेरीतली बाई पन्नाशीची, आवाज मऊ. सुरुवातीलाच म्हणाली, इथे चुकीची माहिती देणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना सांगावं लागतं, वाईट वाटून घेऊ नका. नाव विचारलं, जन्म विचारला, काम विचारलं. काचकारखान्यातला गवंडी, मी सांगितलं. मग म्हणाली, "लग्न झालेलं होतं?"

"हो."

"आणि मागे राहिलेली पत्नी, म्हणजे तुम्हीच ना? तुमची जन्मतारीख?"

पॉलीनने माझा हात दाबला. धीर द्यायला. मला माझी जन्मतारीख सांगता आली असती. ती खरी आहे, माझीच आहे. एका तारखेने काम झालं असतं आणि घरी येऊन चहा प्यायला मोकळी. तुझी पेन्शन अडकली असती, कुणी दावे लावले असते, पण आमच्या गल्लीत काही कळलं नसतं.

मी म्हणाले, "माझी नको. बायको ब्रिडलिंग्टनला असते. तिचं नाव जॅनिस."

पॉलीनचा हात तसाच राहिला माझ्या हातात. काढून घेतला नाही, दाबलाही नाही. ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागली. घरी येईपर्यंत गाडीत ती फक्त रस्त्यावरच्या कामांबद्दल बोलली. संध्याकाळी मागच्या दाराने आली नाही. पुढच्या दाराची घंटा वाजवून आली, आणि लोक परक्यांकडे जातात तशी उभी राहून बोलली.

तू म्हणालीस की तुझ्या अर्ध्यातलं अर्धं मला पाठवशील. आत्ता त्यावर बोलू नको. दर महिन्याला तुझ्या हाताकडे बघत बसायचं मला जमेल का, माहीत नाही. पण भाडं भरायचं आहे, म्हणून नाही म्हणत नाही. मयत गुरुवारी अकराला. घरच्यांच्या पहिल्या गाडीत तू बस. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि मला तिथे एकटीने बसायचंही नाही.

तुझी जन्मतारीख मला माहीत नव्हती. जागा रिकामी ठेवली आहे. पेन्शन कचेरीलाही लागेल, लवकर कळव.

त्या बाईचा एक प्रश्न राहिला होता. फार हळू विचारला तिने. "मग तुमचं त्यांच्याशी नातं काय लिहू?"

मी म्हणाले, "तो गेला तेव्हा मी जवळ होते."

ती म्हणाली, "तेवढं चालतं," आणि लिहिलं.

लॉरेन हर्स्ट